घशात हाड नसतं

११ फेब्रुवारी

चि. भाऊजी,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नका. कोणी गेलेलं नाही. माझा नंबर तुम्ही बंद करून ठेवलाय आणि तुमच्या घरचा फोन जाऊबाई उचलतात. मी बोलले की तुम्ही ऑपरेशनमध्ये असता, रविवारीसुद्धा. म्हणून हा कागद, आणि म्हणून हॉस्पिटलच्या पत्त्यावर. शिवाय कागदाचा एक फायदा आहे. "वहिनी, तुम्ही थांबा, दादाकडे द्या फोन," असं म्हणून मला मधेच तोडता येत नाही.

मुद्द्यावर येते. तुमच्या दादाचा आवाज बसलाय. तुम्हाला हे नवीन नाही, दर रविवारी ऐकताच की. तुम्ही सांगितलंत तशा मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या, वाफ झाली, आलं-मध झालं, कमी बोलणं झालं. पाणी तापवून तापवून माझ्या पातेल्याचा तळ काळा पडला. पण थंडी सुरू व्हायच्या आधी बसलेला आवाज अजून उठलेला नाही. आधी नुसता घोगरा होता. आता शेजारच्या खोलीतून दार लावून कुणी बोलावं तसा येतो.

ह्यांना म्हटलं तर उत्तर तयार, "मागांच्या शेडमध्ये कुणाचा आवाज धड असतो?" ते खरंच आहे म्हणा. एवढे माग एकदम धडधडत असतात, तिथं माणूस एक तर बोंबलतो नाहीतर खुणा करतो. त्यांच्यात घोगरा आवाज म्हणजे बढतीच. नवीन पोरगं किंचाळतं, जुना माणूस घोगरतो आणि ज्याचं काहीच ऐकू येत नाही तो मुकादम, असा त्यांचा विनोद आहे. हे मुकादम झाले तेव्हा मीही त्या विनोदाला हसले होते.

शाळेत असताना तुम्ही शेडवर डबा द्यायला जायचात, तेव्हा त्या खुणा तुम्हाला पाठ होत्या. मूठ फिरवली की मशीन बंद कर. तुमचा तुटलेला धागा दुसऱ्यानं जोडून दिला की त्याच्याकडे बघून पंजा छातीवर ठेवायचा, म्हणजे उपकार झाले; त्यानं डोळे मिटून मान झुकवली की पोचले. आता त्यात एक नवी खूण आलीय. दोन बोटं मनगटावर, नाडी बघतात तशी. ती खूण म्हणजे तुम्ही. कुणाचा गुडघा धरला, कुणाच्या बायकोला उलट्या सुरू झाल्या, की लांबूनच ह्यांच्याकडे बघून मनगटावर दोन बोटं ठेवतात. हे मान डोलावतात, म्हणजे रविवारी भावाला विचारतो. अख्ख्या शेडचं दुखणं या रस्त्यानं तुमच्या कानात येतं. त्यापायी तुमच्या दादाला शेडमध्ये जो मान आहे तो मालकालासुद्धा नाही.

आणि तुमचं चुकतं असंही नाही. ताप आला तर तापाची गोळी, भरपूर पाणी, दोन-तीन दिवसांत उतरला नाही तर दाखवा. जुलाब झाले तर मीठ-साखरेचं पाणी, लघवी कमी झाली किंवा मूल मलूल पडलं तर दाखवा. माणसं बरी होतात आणि ह्यांना दुवा देतात. पण भाऊजी, हे "तर दाखवा" तुम्ही परक्यांना सांगता. घरच्यांना आजवर एकदाही सांगितलेलं नाही. घरच्यांनी कुणाला दाखवायचं, तुम्ही असताना!

मागच्या वर्षीचं उकरून काढायचं नव्हतं, पण निघालंच आहे तर निघू दे. पोरीच्या पोटात दुखत होतं. तुम्ही फोनवर गॅस म्हणालात. दुसऱ्या दिवशी दुखणं उजवीकडे सरकलं, तिला सरळ उभं राहता येईना, तरी तुम्ही गॅसच म्हणालात. मी तिला खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पोटाला हात लावला आणि तिथूनच गाडी बोलावली. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. पोरगी वाचली. आणि तुम्ही काय म्हणालात? "मला न विचारता पोरीचं पोट कापू दिलंत. माझ्यावर विश्वास नसेल तर तसं सांगा." त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं बंद. तुमचा दादा मात्र त्या दिवसापासून जो खाली मान घालून बसलाय तो बसलाच आहे. भावाचं मन दुखावलं, पुन्हा असं होणार नाही, असं त्यांनी स्वतःशी ठरवून टाकलंय. त्यांचं ठरवणं तुम्हाला ठाऊक आहे.

म्हणून मला तुमच्याकडून फक्त एक वाक्य हवं आहे. रविवारी फोनवर म्हणा, "दादा, तिथल्या घशाच्या डॉक्टरला दाखवून ये." बस. माफी नको, माझ्याशी बोलायलाही नको. तुम्ही डॉक्टर होऊन पहिल्यांदा घरी आलात तेव्हा म्हणाला होतात, "दादा, सिगारेट सोड." त्यांनी पाकीट तिथल्या तिथं गॅलरीतून खाली फेकलं आणि पुन्हा हात लावला नाही. मी त्याआधी लग्न झाल्यापासून तेच सांगत होते. पालथ्या घड्यावर पाणी. तेव्हा तुमच्या वाक्याची किंमत मला चांगली कळते.

पोरीचा अभ्यास चालू आहे. बाकी ठीक.

तुमची वहिनी


२ मार्च

चि. भाऊजी,

पत्र पोचल्याचं कळलं. तुमच्याकडून नाही, ह्यांच्याकडून.

वा रे वा! मी तुम्हाला लिहिलं आणि तुम्ही ते फोनवर ह्यांना वाचून दाखवलंत. "वहिनी मला पत्रं लिहितात, माहितीय का तुला?" मी स्वयंपाकघरात होते. हे दारात येऊन उभे राहिले. एवढा राग, आणि आवाज नाही. नुसते ओठ हलत होते आणि मानेच्या शिरा फुगत होत्या. "माझ्या भावापुढे तू मला भिकारी केलंस" एवढं मला ओठांवरून कळलं. मग खोकला आला आणि भांडण तिथंच थांबलं. दोन दिवस माझ्या हातचं पाणी घेतलं नाही, पोरीकडून मागून घेत होते.

आणि उपाय काय सांगितलात, तर आम्लपित्त. पित्त घशापर्यंत चढतं, त्यानं आवाज बसतो. महिनाभर सकाळी उपाशीपोटी गोळी, रात्री उशी उंच, तिखट बंद. आणि मला निरोप, "वहिनींना म्हणावं उगाच घाबरू नका, दादाला मी बघतोय."

बघताय? कुठून बघताय? तुम्ही यायलाच किती वर्षं झाली! बघितलं असतंत तर कळलं असतं की शर्टाची कॉलर सैल झालीय. तुम्ही ऐकता, भाऊजी, आणि ज्याचा आवाजच गेलाय त्याचं काय ऐकणार? उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

राग आला तर येऊ दे. तुम्ही हाडांचे डॉक्टर. तुमच्या हाताला यश आहे, माणसं काठी टाकून घरी जातात, मला अभिमानच आहे. पण घशात हाड नसतं, एवढं मलाही कळतं. तुमच्याच हॉस्पिटलात घशाचा डॉक्टर असेल ना? जेवणाच्या सुट्टीत त्याला विचारून बघा की एखाद्याचा आवाज इतके दिवस बसलेला असेल तर तो काय करेल. तो काय करेल ते मला कळवू नका, ह्यांना कळवा.

गोळ्या सुरू केल्यात. सकाळी उपाशीपोटी, तुमचा हुकूम म्हणून घड्याळ लावून. शेडमध्येही सांगून टाकलं, "पित्त आहे, भावानं निदान केलंय." आता तिथं ज्याचा ज्याचा आवाज बसलाय तो ह्यांच्याकडून गोळीचं नाव लिहून घेतोय.

ह्यांचे रुमाल मी हल्ली वेगळे धुते. का ते विचारू नका. विचारणार नाहीच तुम्ही.

वहिनी


२६ मार्च

डॉक्टरसाहेब,

महिना होत आला. पित्त असेल तर गेलं असेल. आवाज आला नाही.

मागच्या पत्रात मी एक लपवलं होतं. वाटलं, तुम्ही पुन्हा ह्यांना वाचून दाखवाल आणि मग रुमालसुद्धा माझ्यापासून लपवतील. आता लपवून काय करू? खाकरताना रक्ताची रेघ येते. रोज नाही, पण येते. डावा कान दुखतो. कानात काही नाही, मी बॅटरी लावून बघितलं. जेवताना घास गिळताना थांबतात, मान थोडी वाकडी करतात आणि मग पुढे ढकलतात. आमच्याकडे बघतही नाहीत तेव्हा. पोरगी विचारते, "बाबा, अडकलं का?" ते अंगठा वर करतात.

गेल्या आठवड्यात जिन्यात खालच्या डॉक्टरीणबाई भेटल्या. दवाखान्याचं शटर ओढत होत्या, हातात किल्ल्या. ह्यांनी सहज म्हटलं, "आज लवकर?" तेवढंच. दोन शब्द. बाई किल्ली कुलुपात तशीच ठेवून वळल्या.

"हा आवाज कधीपासून?"

"पित्त आहे," हे म्हणाले.

"पित्त असेलही. घसा कुणी बघितला का?"

"माझा भाऊ डॉक्टर आहे."

"छान. त्यांनी आत बघितलं का?"

हे हसले. काय हसण्यासारखं होतं कुणास ठाऊक. बाई म्हणाल्या, "हे बघा, सर्दीनं बसलेला आवाज दोन आठवड्यांत उठतो. तीन आठवडे झाले आणि उठला नाही, की घसा दुर्बिणीनं बघायचाच. मग माणूस मुकादम असो नाहीतर गवई. बघायला पाच मिनिटं लागत नाहीत. मी चिठ्ठी देते, मोठ्या हॉस्पिटलात जा." आणि पर्समधून कागद काढून भिंतीला लावून तिथंच लिहून दिली.

वर आल्यावर ह्यांनी ती चिठ्ठी चार घड्या करून फोनच्या खाली ठेवली. म्हणाले, "रविवारी त्याला विचारतो."

तुम्हाला विचारलं त्यांनी. मी शेजारीच बसले होते, फोनमधून सगळं ऐकू येत होतं. तुम्ही म्हणालात, "दादा, शटरच्या दवाखान्यातल्या बाया दिसेल त्याला चिठ्ठी देतात, त्यांचं ठरलेलं असतं. तुला जायचंच असेल तर जा, मी कोण अडवणारा?"

भाऊजी, या वाक्यासारखं विषारी वाक्य मी जन्मात ऐकलं नाही. "जायचंच असेल तर जा." अहो, तुमच्या दादाला हे वाक्य कसं ऐकू आलं असेल ते तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. फोन ठेवला, चिठ्ठी काढली, कचऱ्यात टाकली. मी ती उचलून पुसली, वाळवली, आता माझ्या पिठाच्या डब्याखाली आहे.

रात्रभर नाही, पण बराच वेळ आम्ही दोघं भांडलो. तेही कसं, तर मी ओरडायचं आणि त्यांनी खुणा करायच्या. मी म्हटलं, "तुमचा जीव मोठा की भावाचा मान?" त्यांनी मनगटावर दोन बोटं ठेवली. मग तीच बोटं वर, छताकडे नेली. म्हणजे तुम्ही सगळ्यांच्या वर. मी म्हटलं, "दुखणं अंगावर काढून मेलात तर भाऊ येईल का खांदा द्यायला?" हे मी बोलायला नको होतं, पण बोलले. ते उठून गॅलरीत गेले आणि पाठमोरे उभे राहिले.

मी काही देवमाणूस नाही आणि तुम्हाला सोडणारही नाही. ह्यांना काही झालं तर तुमच्या हॉस्पिटलच्या दारात येऊन बसेन आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगेन. पण ती पुढची गोष्ट. आज अजून वेळ असेल. एक वाक्य, भाऊजी. "दादा, मीच सांगतोय, जा." माझ्यासाठी नको. ज्यानं तुम्हाला सायकलवर पुढे बसवून शाळेत सोडलं त्याच्यासाठी म्हणा. परवा रविवार आहे.

वहिनी


१९ एप्रिल

भाऊजी,

त्या रविवारापासून तीन-चार रविवार गेले. पहिल्या रविवारी तुमचा फोन आला नाही. दुसऱ्या रविवारी तुम्ही क्रिकेटवर बोललात. तिसऱ्या रविवारी म्हणालात, "आवाज तसाच येतोय रे, गोळी दुप्पट कर."

तेव्हा आता मी काय केलं ते ऐका, कारण तुम्हाला त्यात काम आहे.

गुरुवारी हे शेडवर गेले होते. परत आले तर धापा टाकत होते. दोन जिने चढून नाही, नुसते बसल्या जागी. श्वासाला शिट्टीसारखा आवाज येत होता. मी पाण्याचा पेला दिला आणि चेहरा अगदी साधा ठेवून म्हटलं, "मघाशी भाऊजींचा फोन आला होता."

त्यांनी मान झटकन वर केली. दोन बोटं मनगटावर ठेवून भुवया उंचावल्या.

"हो, तेच. माझ्याशी बोलले."

यावर त्यांचा विश्वास बसणं कठीण होतं, म्हणून मी पुढे घातलं, "मला चार शब्द सुनावलेच, पण बोलले. म्हणाले, मी इथल्या घशाच्या डॉक्टरशी बोललो. दादाला म्हणावं आजच्या आज जा, मी सांगतोय म्हणून जा."

भाऊजी, तुम्ही तिथं असायला हवं होतात. त्या माणसाचा चेहरा असा उजळला की मला माझीच लाज वाटायला लागली. पाच महिने मी रडले, ओरडले, पाया पडायची बाकी राहिले. आणि तुमच्या न बोललेल्या वाक्यानं तो माणूस लगेच उठला. तोंड धुतलं, इस्त्रीचा शर्ट काढला, केस विंचरले. लग्नाला निघाल्यासारखे! शिट्टीच्या आवाजात म्हणाले, "त्याला माझी काळजी आहेच गं. तू उगाच." मी म्हटलं, "हो, माझंच चुकलं." पिठाच्या डब्याखालून चिठ्ठी काढली आणि आम्ही निघालो.

मोठ्या हॉस्पिटलात त्यांना बाकावर बसवायलाही कुणी थांबलं नाही, तो श्वास ऐकला आणि थेट आत नेलं. नाकातून बारीक दुर्बीण घातली. तरुण डॉक्टर होता, बडबड्या, ह्यांच्याशी मागांबद्दल बोलत होता. बघता बघता बोलायचा थांबला. मग मला म्हणाला, "ताई, इतके दिवस कुठं होतात?"

काय सांगू? घरात डॉक्टर आहे म्हणून सांगू?

तुकडा काढून तपासायला पाठवलाय. गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी बसवली आहे, नाहीतर घरी जाताना वाटेतच गुदमरले असते म्हणे. नळीवर बोट ठेवलं तर अजून थोडं बोलता येतं.

तुमचं काम एवढंच. त्यांनी विचारलं तर हो म्हणा, तो फोन तुम्हीच केला होतात. मी खोटं बोलले हे कळलं तर उद्या उठून घरी येतील आणि पुढचं काही करून घेणार नाहीत. तुमच्या रागाची भीती त्यांना त्या नळीपेक्षा जास्त आहे. मला तुमच्याकडून खरं वाक्य मिळालं नाही, आता निदान खोट्याला हो म्हणा.

वहिनी


३० मे

भाऊजी,

तुमचं पत्र मिळालं. पहिलंच. अर्धं पान. "झालं ते वाईट झालं, पण वेळेत निदान झालं हे नशीब. मी रविवारी दादाला फोन करत जाईन, त्याचं मन रमेल."

वेळेत! अहो, तुकड्यात कॅन्सर निघाला आणि डॉक्टरांनी स्वरयंत्र पूर्ण काढलं. सगळं. सर्जन म्हणाले की सुरुवातीला आले असते तर नुसत्या किरणांवर भागलं असतं, आवाजही राहिला असता. आता गाठ स्वरयंत्राच्या कवचाबाहेर आली होती. किरणं अजून घ्यायचीच आहेत. गळ्यात खाली कायमचं भोक आहे, तिथूनच श्वास घ्यायचा. शेडमध्ये कापसाची धूळ उडते, त्यामुळे शेड कायमची बंद. बैल गेला अन् झोपा केला, आणि तुम्ही मला झोप्याचं कौतुक लिहून पाठवलंत.

तुम्हाला विसरायचं असेल म्हणून मीच लिहून ठेवते. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी तुमचा फोन आला. ह्यांना सगळं समजावून सांगितलेलं होतं की उद्यापासून आवाज नाही. पोरगी एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, फोन मी मोठा करून उशीवर ठेवला होता. मला वाटलं होतं पोरीशी काहीतरी बोलतील. तिला हाक मारतील. मी स्वतःसाठीही आशा केली नव्हती असं नाही, माणूस आहे मी. नळीवर बोट ठेवलं आणि ते बोलले. बरोबर तुमच्याशी बोलले. "तू सांगितलंस म्हणून आलो रे. नाहीतर मी कुठला येतोय. तुझ्यामुळे वाचलो."

हे खोटं मीच पेरलं होतं, तेव्हा तक्रार करायला मला तोंड नाही. तुम्हाला हो म्हणायलाही मीच सांगितलं होतं. मला वाटलं, तुम्ही नुसतं "हं" म्हणाल. किंवा आवाज भरून येईल, फोन ठेवून द्याल. तुम्ही घसा खाकरलात. मग म्हणालात, "मला तुझ्या आवाजावरून शंका आलीच होती, दादा. म्हणून तर सांगितलं."

पोरीनं माझ्याकडे बघितलं. तिला सगळं ठाऊक आहे, पत्रं टपालात तीच टाकते. ती उठून बाहेर गेली.

तुमच्या दादाचे बोललेले शेवटचे शब्द ते. त्यानंतर खोकला आला, नर्सनं बोट काढायला लावलं. सकाळी नेलं.

आता तुमच्या रविवारच्या फोनविषयी. तुम्ही दोनदा केलात. तुम्ही बोलत राहता, हवा कशी आहे, तुमच्या गाडीचं काय झालं, आणि इकडे हे मान डोलावतात. हसतातसुद्धा. फोनला मान दिसत नाही, भाऊजी. तुम्ही म्हणता, "ऐकतोयस ना दादा?" आणि हे खोलीत इकडेतिकडे बघतात, मग नखानं फोनवर टकटक करतात. तुम्ही फोन ठेवल्यावर तो हातात घेऊन बराच वेळ बसतात. पोरीनं पाटी आणून दिलीय, तिच्यावर "पाणी" आणि "दुखतंय" एवढंच लिहितात. बाकी सगळं खुणांनी. पोरगी आठवड्यात सगळ्या खुणा शिकली. मीही शिकतेय. माझी बोटं जाड आहेत म्हणून ते हसतात, आवाज न करता.

शेडमधले लोक येतात बघायला. परवा सहा-सातजण एकदम आले, पलंगाभोवती उभे राहिले, आणि खोलीत चिटपाखराचा आवाज नाही, तरी नुसता गोंगाट. मला पहिल्यांदा वाटलं की हे घर आजाऱ्याचं नाही. एकानं विचारलं, कसं काय सापडलं? हे लगेच मनगटावर दोन बोटं ठेवून उठून बसले. मग ती बोटं गळ्यातल्या भोकाकडे नेली. मग पंजा छातीवर ठेवला आणि सगळ्यांकडे फिरून बघितलं, अगदी अभिमानानं. त्या सगळ्यांनीही पंजे छातीवर ठेवले. तुमच्यासाठी. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते.

जाताना एकजण जिन्यात थांबला आणि घोगऱ्या आवाजात मला म्हणाला, "वहिनी, माझाही आवाज असाच आहे. डॉक्टरांना विचारायचं का?" मी म्हटलं, "खाली शटर उघडं आहे. आत्ता जा. मी येते बरोबर." त्याला हाताला धरून नेलं. बाईंनी लगेच दुर्बिणीसाठी मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. त्याचं साधं निघालं, आवाजाच्या पडद्यावर ओरडून ओरडून आलेली गाठ, तिखट-ओरडणं बंद आणि पुन्हा तपासणी. चला, एकाचं तरी.

मी ह्यांना खरं सांगणार नाही. सांगितलं तर त्यांच्याकडे राहील काय? आवाज गेला, शेड गेली, आता भाऊही काढून घेऊ? तेवढी दुष्ट मी नाही, जरी तुम्ही तिथं सगळ्यांना तसं सांगत असलात तरी.

पण तुम्ही फोन करू नका. एक तर या, नाहीतर गप्प बसा. इथं या, पलंगाशेजारच्या लोखंडी खुर्चीवर बसा, ती जरा हलते. ते तुमच्याकडे बघतील, मनगटावर दोन बोटं ठेवतील, गळ्याकडे नेतील आणि पंजा छातीवर ठेवतील. ती खूण तुम्हाला लहानपणापासून येते, समजावून सांगावी लागणार नाही. त्याचं उत्तरही तुम्हाला येतं. द्यायचं की नाही ते तुम्ही त्यांच्या तोंडाकडे बघून ठरवा. मी तेव्हा बाहेर थांबेन.

वहिनी

ता. क. माझ्याकडून एक चुकलं, ते दुरुस्त करते. घशात हाड नसतं असं मी लिहिलं होतं. असतं. जिभेच्या मुळाशी, घोड्याच्या नालेसारखं, छोटंसं. सर्जननी चित्र काढून दाखवलं. तेही काढावं लागलं. म्हणजे तुमच्या खात्यातलं काहीतरी त्या घशात होतं.